दहा दिवस टिकणारे जोड

आमच्या सोसायटीच्या गणपतीची रोषणाई अनेक वर्षं माझ्याकडे होती. टॉर्चचे छोटे बल्ब एकापुढे एक जोडून मी त्यांच्या माळा करायचो, त्यांवर रंगीत जिलेटिनचा कागद चढवायचो आणि मखरापासून गेटपर्यंत सगळं मुलुंडच्या पावसात झगमगतं ठेवायचो. वायर दाताने सोलायची, दोन टोकं एकमेकांना पीळ घालून गुंडाळायची, वर काळी टेप. झालं. कुठे बल्ब गेला तर खुर्चीवर चढून बदलायचा. अनंत चतुर्दशीला मूर्ती बाहेर पडली की दुसऱ्या दिवशी सगळ्या माळा ओढून काढायच्या, उरलेली वायर गुंडाळून पोत्यात भरायची. सोसायटीचे सेक्रेटरी दरवर्षी समारोपाच्या भाषणात म्हणायचे, "यांच्या हातचा जोड सुटला असं कधी झालेलं नाही." मी मान खाली घालून बसायचो, पण ते मला खरं वाटायचं. माझा एकही जोड दहा दिवसांपलीकडे जगलेला नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

ऑफिसातल्या साहेबांनी त्यांची जुनी फियाट विकायला काढली, ती मी घेतली. बायको आणि मी एकाच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जायला लागलो. परीक्षेला ती पहिल्या फेरीत पास झाली. मी गाडी मागे घेताना इन्स्पेक्टरच्या स्टुलाला टेकवली आणि त्यांची माफी मागत राहिलो, इतका की शेवटी ते म्हणाले, "अहो, उतरा आता." पुन्हा परीक्षेला बसायचा धीर झाला नाही. म्हणजे गाडी माझ्या नावावर, पण चालवायची तिने.

तिला चालवायचं कारणही होतं. आईचे गुडघे गेले होते. शेक घ्यायला तिला आठवड्यातून बऱ्याचदा घाटकोपरच्या डॉक्टरांकडे न्यावं लागायचं. रिक्षात प्रत्येक खड्ड्याला ती "आवशे!" म्हणून ओरडायची. बायकोची शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी ती आईला पुढच्या सीटवर बसवून न्यायची आणि आणायची. आई खूश होती. बायकोचं तर काय सांगू? चावीचा जुडगा बोटात फिरवत ती जिना उतरायची, तेव्हा मला ती लग्नाआधी होती तशी दिसायची.

बाबांना हे पसंत नव्हतं. बाबा गिरणीतून निवृत्त झालेले, मालवणकडचे, आणि घरात शेवटचा शब्द त्यांचा. पहिल्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, "बाईमाणसाच्या हातात गाडी! जा म्हणतंय, जा. पण रस्त्यात एकदा जरी बंद पडली, तर चावी माज्याकडे."

बायको म्हणाली, "चालेल, बाबा." तिला आत्मविश्वास होता. गाडी तिच्या हातात कधी अडखळली नव्हती.

आता मधे मी आलो.

मला गाडी चालवता येत नव्हती. रविवारी बाकीचे नवरे बोनेट उघडून आत डोकावत असायचे आणि मी फडकं घेऊन काचा पुसायचो. काहीतरी केलं पाहिजे असं वाटायला लागलं. म्हणून मी कुर्ल्याच्या बाजारातून डॅशबोर्डवर बसवायचा छोटा पंखा आणला, आईला उकडू नये म्हणून. मग कॅसेट प्लेयर. मग जास्त मोठ्या आवाजाचा एक दुसरा हॉर्न, कारण आग्रा रोडवरचे ट्रकवाले फियाटच्या हॉर्नला मोजत नाहीत असं मला वाटत होतं. हे सगळं मी माझ्या हाताने बसवलं. गणपतीच्या पोत्यातली वायर, तेच दात, तीच टेप.

पंखा चावी बंद केली की बंद व्हावा अशी माझी इच्छा होती. चांगली इच्छा होती. त्यासाठी मी चावी फिरवल्यावर ज्या वायरमध्ये करंट येतो ती वायर शोधली, मधोमध कापली आणि कापलेली दोन टोकं आणि पंख्याची एक वायर अशी तिन्ही एकत्र पिळून वर टेप गुंडाळली. त्याच वायरवर इंजिन चालतं, हे मला माहीत होतं. पण जोड माझ्या हातचा होता ना. पंखा फिरला, आईचे केस उडाले, मी टाळी वाजवली.

गाडी भांडुपला बंद पडली.

दुपारची वेळ, पुढे ट्रक, मागे बस, आणि इंजिन एकदम गप्प. बायकोने चावी फिरवून पाहिली, काही नाही. मागचे सगळे हॉर्न वाजवायला लागले. एका पानवाल्याने चार जण जमवून गाडीला धक्का मारला. गाडी एका खड्ड्यात आदळली आणि सुरू झाली. आईने घरी येऊन बाबांना जसं घडलं तसं सांगितलं, "ढकलल्यार चालू झाली ती."

बाबांनी हात पुढे केला. बायकोने चावी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बंडीच्या खिशात टाकली आणि खिशावरून हात फिरवला.

"माका ठाऊक होता," ते म्हणाले.

मी ऑफिसातून आलो तेव्हा बायको भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "क्लच सुटला असेल माझ्याकडून, असं सगळ्यांचं मत आहे. खालच्या सेक्रेटरींचंसुद्धा."

"तुझं काय मत आहे?"

"मी क्लचवर पायसुद्धा ठेवला नव्हता."

मी बाबांकडून तपासायला म्हणून चावी मागून घेतली आणि खाली गेलो. डॅशबोर्डखाली मान वाकडी करून हात घातला. टेप उन्हाने विरघळून चिकट झाली होती, बोटाला काळं लागलं. आतला पीळ उसवला होता. तांब्याच्या तारा काळवंडल्या होत्या, आणि कापलेली दोन टोकं एकमेकांना नुसती टेकून होती. चावी फिरवून मी त्यांना बोटाने हलवलं की चावीजवळचा लाल दिवा लागायचा आणि विझायचा. मी पाच-सात वेळा लावून विझवून पाहिला. चूक कुणाची, याबद्दल काही शंकाच उरली नाही.

मी तसाच वर गेलो, चावी परत दिली आणि बाबांना म्हणालो, "बाबा, गाडी तिच्यामुळे बंद पडली नाही. माझा जोड सुटला होता."

बाबांनी पेपर खाली केला. "बायलेची चूक आपल्या आंगार घेतंस?"

"घेत नाही. खरंच माझी आहे."

"दहा दिवस पावसात तुजे दिवे इजले नाय, आणि गाडीत जोड सुटतलो? बायलेचो बैल खंयचो!" आणि पेपर पुन्हा वर.

इथे माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं, नाहीतर बाबांवर अन्याय होईल. चूक कबूल करणं ही माझी सवयच आहे. टाकीतलं पाणी संपलं की मी म्हणायचो, माझा नळ उघडा राहिला असेल. बसमध्ये कुणी माझ्या पायावर पाय दिला तरी सॉरी मीच म्हणतो. दूध नासलं, पाहुणे रुसले, लाइट गेली, तरी मला आधी आपलंच काहीतरी आठवतं. त्यामुळे माझ्या कबुलीला घरात आणि सोसायटीत काही किंमत उरली नव्हती. आणि आता आयुष्यात एकदा चूक खरोखर, पुराव्यासकट, माझी होती, तर कुणी ऐकून घ्यायला तयार नव्हतं.

मी सेक्रेटरींना भेटलो. ते हसले. "अहो, तुमचा जोड? आमच्या गणपतीला विचारा! वहिनींना वाईट वाटू नये म्हणून म्हणताय, कळतं आम्हाला. चांगले आहात तुम्ही."

"मी चांगला नाही हो. मी वायर कापली."

"बरं बरं," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

इकडे आई पुन्हा रिक्षाने जायला लागली. संध्याकाळी ती गुडघ्याला तेल चोळताना कण्हायची आणि बायको उठून आत जायची. मला ते कण्हणं ऐकवत नसे. म्हणून मी गाडीचं वायरिंग करणाऱ्या एका माणसाला कंपाउंडमध्येच बोलावलं. त्याने डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि आतूनच ओरडला, "ये किसने हाथ लगाया?"

"मैंने."

डोकं बाहेर आलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझा इस्त्रीचा शर्ट, खिशातलं पेन. "मजाक मत करो साब. ये किसी अनाडी का काम है."

म्हणजे तोही विश्वास ठेवेना. त्याने माझा जोड सोडला, तसाच स्वतःचा पीळ घातला, माझ्यापेक्षा दुप्पट टेप गुंडाळली, हॉर्नच्या वायरीही "टाइट" केल्या आणि गेला. चार दिवसांनी, भर दुपारी सगळी सोसायटी झोपलेली असताना, उभ्या गाडीचा हॉर्न आपोआप वाजायला लागला. माझा तो मोठ्या आवाजाचा हॉर्न. सगळ्या गॅलऱ्यांत माणसं आली. हॉर्नची उघडी वायर पत्र्याला टेकली होती. मी धावत जाऊन ती उपटली तेव्हा कुठे शांत झालं.

वरून दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "वहिनींनी जोरात दाबून ठेवला असेल मागे कधीतरी."

बायकोने गाडीला आठवडाभर हात लावला नव्हता. चावी बाबांच्या बंडीत होती. मी खाली उभा राहून हे ओरडून सांगत होतो. काकूंनी खिडकी लावून घेतली.

दुसरा वायरिंगवाला आला. आत डोकं घातल्याबरोबर म्हणाला, "ये किसने हाथ लगाया?" मी फक्त टॉर्च धरला. मी रोज ओढून बघायचो; त्याचा जोड रविवारपर्यंतही टिकला नाही.

त्या रविवारी मी बायकोला म्हणालो, "मी बाबांना पुन्हा सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो. मीटिंगमध्ये उभा राहून सांगतो."

तिने पोळी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे वळली. "तुम्ही काहीही सांगू नका. तुम्ही एकदा कबुली दिलीत की चार बायका मला विचारतात, 'नवऱ्याला एवढं धाकात कसं ठेवलंय गं?' तुमच्या कबुलीने तुम्हाला बरं वाटतं. मला काय मिळतं? मला तुमची माफी नकोय, गाडी हवीय. जोड द्या मला. सुटणार नाही असा जोड."

पोळी करपली. तीही तिने माझ्याच ताटात वाढली.

मला राग आला. तिचा नाही, सगळ्याचाच. दोन तारा एकमेकींना चिकटून राहाव्यात एवढंच तर हवं होतं. मी गाडीच्या वायरिंगचं एक पुस्तक आणलं, त्यात सगळं होतं, फक्त आपल्या हातून ते होईल की नाही एवढं नव्हतं. मग मी स्वयंपाकघरात बसलो. पीळ घालून टेप लावलेला एक जोड खिडकीच्या गजाला बांधला आणि त्याच्या खालच्या टोकाला खलबत्त्यातला बत्ता लटकवला. बत्ता सरळ पायावर पडला. गणपतीच्या माळेला ओढणारं कुणी नसतं. गाडीत प्रत्येक खड्डा ओढतो.

मग तारा पॉलिशपेपरने घासून लख्ख केल्या, ऑफिसातल्या एकाकडून सोल्डरिंग आयर्न आणलं आणि कथील वितळवून, म्हणजे सोल्डरने, जोड पक्का केला. बत्ता लटकला आणि लटकत राहिला. मी हर्षाने बायकोला हाक मारली.

"छान," ती म्हणाली. "आता मला लसूण ठेचायचीय. बत्ता द्या."

"थांब ना, हलवून बघू."

बत्ता घड्याळाच्या लंबकासारखा हलवत ठेवला. काही वेळाने पुन्हा खाली. जोड शाबूत होता. सोल्डर जिथे संपलं होतं त्याच्या लगेच पुढे वायर तुटली होती. सोल्डरने तेवढा भाग कडक झाला होता आणि सगळं वाकणं त्याच्या टोकाशी येत होतं. मी जमिनीवर बसून त्या तुटक्या टोकाकडे बघत राहिलो. इतकी चीड मला कधी माणसाचीही आली नव्हती.

पुढचा जोड मी दोन्ही बाजूंनी बांधला. आधी वायरवर, टेपच्या जागी, स्लीव्हची प्लॅस्टिकची नळी सरकवून ठेवली. ही नळी मी दोनदा विसरलो आणि दोनदा केलेला जोड पुन्हा कापला. सोल्डर केलं, नळी वर ओढली, आणि जोडाच्या अलीकडे-पलीकडे वायर गजाला दोऱ्याने घट्ट आवळली, म्हणजे बत्त्याचा भार जोडावर येणार नाही. मग आणखी एक तसाच जोड मिठाच्या पाण्याच्या वाटीत टाकून ठेवला, शेजारी जुन्या पद्धतीचा एक. जुना हिरवा पडला. मी वाटीवर चिठ्ठी ठेवली होती, तरी बायको ते पाणी भातात घालणारच होती. थोडक्यात वाचलो.

बत्ता सकाळपासून संध्याकाळपर्यंत हलला. येता-जाता त्याला धक्का देणं हे घरातल्या सगळ्यांचं काम झालं. बाबासुद्धा पाणी प्यायला आले की एक धक्का देऊन जायचे, विचारायचे काही नाही. लसूण वरवंट्याने ठेचली जात होती.

जोड टिकला. तेव्हा मी गाडीकडे गेलो, आणि तिथे डॅशबोर्डखाली आडवा पडून असताना मला एक साधी गोष्ट सुचली. ती मूळ वायर मी कापायलाच नको होती. फ्यूजच्या डबीत एक जागा मोकळी होती, पंख्याला तिथून करंट मिळाला असता. मी आईला सांगायला गेलो, "आई, पंखा आता वेगळ्या फ्यूजवरून लावतो. कधी बंद पडणार नाही."

आईने पदर सारखा केला. मग म्हणाली, "नको लावू रे. वारो थेट डोळ्यात येय. मी पदर धरून बसतंय."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू इतक्या हौशेन लायलंस, सांगू कसा?"

स्वयंपाकघरातून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. मला हसू येत नव्हतं. मी पंखा काढला. दुसरा हॉर्न काढला. कॅसेट प्लेयर ठेवला, पण स्वतंत्र फ्यूजवर, आणि त्याची अर्थिंगची वायर पत्र्यावरचा रंग खरवडून खाली चकाकणाऱ्या लोखंडावर स्क्रूने आवळली. मूळ वायर जिथे कापली होती तिथे एकच जोड करावा लागला. तो मी करू शकतो तितक्या काळजीने केला, दोन्ही बाजूंनी बांधला, आणि मग हाताने जोरात ओढला. पुन्हा ओढला.

बाबांना म्हणालो, "गाडी झाली. आज आईला हिच्याबरोबर पाठवतो."

"मी पण येतंय," बाबा म्हणाले आणि चपला घातल्या. त्या गाडीत ते पहिल्यांदाच बसत होते.

दुरुस्तीसाठी माझ्याकडे आलेली चावी घेऊन बायको चालवायला, आई तिच्या शेजारी, आम्ही दोघं मागे. मी प्रत्येक खड्ड्याला श्वास धरत होतो. बायको मात्र नेहमीसारखीच, एक हात खिडकीवर. नाहूर गेलं. भांडुपला पुढे ट्रकची रांग लागली आणि गाडी थांबली. इंजिन चालू होतं. मी त्याचा आवाज कानाने धरून बसलो.

बाबा पुढे वाकले. "हयच बंद पडली ना?"

"हयच. त्या पानवाल्यासमोर," आई म्हणाली.

पानवाल्याने गाडी ओळखली. ठेल्याच्या मागून हात हलवून ओरडला, "काय वहिनी, मारू काय धक्का?"

"आज नको, भाऊ!" बायको ओरडली. "आज गाडी चालू आहे!"

घाटकोपरपर्यंत गेलो, शेक झाला, परत आलो. गाडी एकदाही कुरकुरली नाही. येताना बाबा म्हणाले, "पंखो खंय गेलो? बरो होतो की." आई खिडकीबाहेर बघायला लागली.

गेटवर सेक्रेटरी उभे होते. बाबा खाली उतरले, बंडी नीट केली आणि मोठ्याने म्हणाले, "चिरंजीवांनी वायरिंग नवं केलं हो. बघा आता कशी चालते!"

"मी म्हटलंच होतं," सेक्रेटरी म्हणाले. "यांचा हात लागला की काळजी नाही."

मी बायकोकडे पाहिलं. ती आईला हात देऊन उतरवत होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. बंद पडली तेव्हा तिची, चालली तेव्हा माझी. मी तोंड उघडलं. तिने मान हलवली, फक्त एवढीशी, आणि मी तोंड मिटलं. वर जाऊन तिने चावी बाबांच्या हातात दिली, कबूल केल्याप्रमाणे.

दोन दिवसांनी पुन्हा शेकाचा दिवस होता. मी सुट्टीवर घरीच होतो. आई साडी नेसून खुर्चीत बसली होती. बाबांनी बंडीत हात घातला, चावी काढली आणि माझ्यासमोर धरली. "घे. वेळ झाली."

मी हात पुढे केला नाही. पाठीमागे बांधून उभा राहिलो. त्या क्षणी मला एकाही गोष्टीची माफी मागावीशी वाटली नाही.

"मला कुठे चालवता येते, बाबा," मी म्हणालो.

"मगे कोणाक देऊ?"

मी दाराकडे पाहिलं. बायको दारात उभी होती, आईच्या चपला हातात घेऊन. चावी बाबांच्या हातात मधल्या मधे लोंबत होती. आईनेच शेवटी सुस्कारा सोडला, "अहो, द्या ओ तिका. गुडघो थांबना नाय."

बाबा दोन पावलं चालले आणि चावी बायकोच्या तळहातावर ठेवली. लगेच सोडली नाही.

"हॉर्न वाजवीत जा गो," ते म्हणाले.

"हो, बाबा."

ती जिना उतरायला लागली. जुडगा बोटात फिरत असल्याचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत येत होता. बाबा स्वयंपाकघरात गेले आणि गजाला अजून लटकत असलेल्या बत्त्याला त्यांनी एक धक्का दिला.